पोटातला साप

औषधांच्या रांगेत पुढे नणंद-भावजय बोलत होत्या. मागे गुडघेदुखीच्या गोळ्यांसाठी उभ्या असलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"वहिनी, दादू पोटात साप आहे म्हणत होता ना?"

"हो. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा आजार बळावलाय, गोळी वाढवू."

"मग?"

"म्हटलं, डोकं फिरलेल्याला पोट नसतं का? वीस वर्षं सांभाळतेय मी माझ्या लेकाला. डोक्यातले आवाज ऐकू आले की तो छताकडे बघतो. आज उजवी कूस दाबून बसलाय. तपासल्याशिवाय हलणार नाही मी!"

"बाई गं! काय निघालं?"

"अपेंडिक्स. फुटायच्या बेतात होतं."

"आता कसाय?"

"ऑपरेशननंतर शुद्धीवर आला. म्हणाला, 'साप गेला, आई. आवाज आहेत अजून. पण आज तेसुद्धा तुला शाबास म्हणतायत.'"