हॉटेलच्या मळ्यातली गाजरं

श्रीलंकेत गॉलला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यापुढे किनाऱ्यावरच्या हॉटेलातला माळी सुमनपाल आणि आचारी निहाल बसले होते.

“निहालदादा, माझी नोकरी गेली समज.”

“का? मळ्यात गाजर उपटताना पाहुण्यांना शंका आली?”

“छे! आपल्या वाळूत गाजर कुठलं यायला? पण मंडईतलं पाल्यासकट पुरतो मी रोज पहाटे. काल एक जर्मन बाई उपटताना आनंदानं रडली.”

“मग?”

“ते बघून साहेबच भुलले. म्हणाले, एवढं पिकतंय तर विकत कशाला घ्यायची? उलट उद्यापासून मंडईतल्या भाजीवाल्या विजेदासलाच आपली गाजरं विकायची.”

“आणि तू आणतोस कुणाकडून?”

“विजेदासकडूनच.”

“मग त्याचीच त्याला परत कर, सुटलास.”

“तसं कसं? आधी पुरावी लागतील. ताजी उपटलेलीच हवीत म्हणतो तो.”