मऊ लेपाची तबकडी

कारागीर : तिसरी सुई लावून बघितली, काका. खरखरीशिवाय काही नाही.

वडील : दुसऱ्या कडव्यापासून लावा. तिथे आवाज चढतो तिचा.

कारागीर : तिथेही बघितलं. अहो, ही दुकानातली रेकॉर्ड नव्हे. आत पत्रा, वर नुसता मऊ लेप. कंपनीच्या साहेबांना गाणं ऐकवण्यापुरती कापलेली. वीस-पंचवीसदा वाजली की संपली. तुम्ही कितीदा वाजवलीत?

वडील : रोज.

कारागीर : रोज?

वडील : बायको गेल्यापासून. कामावरून आलो की एकदा. एकदाच हं, जास्त नाही! मग पुसून फडक्यात गुंडाळून ठेवायचो. अठ्ठावीस वर्षं.

कारागीर : आणि आवाज पुसट होत चाललेला कळला नाही?

वडील : मला ऐकू येत होतं. कालसुद्धा आलं.

कारागीर : गाणं तर घरोघरी आहे की. नंतर तीन गायिकांनी गायलं, तिन्ही रेकॉर्डी धो धो खपल्या.

वडील : पहिलीला ही तबकडी ऐकवूनच शिकवलं. कंपनीला नावाजलेली बाई हवी होती. हिचं एवढंच उरलं होतं, तेही मीच झिजवून टाकलं. बाहेर बाकावर मुलगी बसलीय माझी. चार दिवसांची होती, आई गेली. मावशीकडे वाढली. कितीदा मागितली तिने तबकडी! मी आपला म्हणायचो, प्रवासात फुटेल, तुझ्यासाठीच जपतोय. आज मोठ्या तोंडाने बोलावून घेतलं. काय सांगू तिला?

कारागीर : तिसऱ्या बाईंची रेकॉर्ड हल्ली फारशी कुणी लावत नाही. माझ्याकडे आहे. तीच लावू? तिला काय कळणार?

वडील : …लावा.

(रेकॉर्ड सुरू होते. मुलगी दार ढकलून आत येते.)

मुलगी : ही नाही, बाबा. ही तिसरी. तिन्ही आहेत माझ्याकडे. आई साधारण कशी गायली असेल, म्हणून घेतल्या होत्या. आईची लावा ना.

वडील : अगं…

मुलगी : फुटली का?

वडील : नाही गं. नाही फुटली. लावा हो, आमचीच लावा.

कारागीर : काका…

वडील : लावा म्हणतो ना!

मुलगी : केवढी खरखर आहे. गाणं कधी सुरू होतं, बाबा?

वडील : दुसरं कडवं चाललंय, बाळा.