सहा पडदे

आर्वेटा : म्हणजे हिशेब असा. गोधडी तुझ्या लेकीच्या पलंगावर, चर्चच्या हॉलात वाहवा तुझी, आणि पडद्यांतले निम्मे माझे. मला काय?

आयडेला : तुला लग्नाचं बोलावणं.

आर्वेटा : अकरा वर्षांनी! धाकट्या बहिणीला माझं दार सापडलं तरी. कॉफी घे, निवतेय.

आयडेला : टोमणे पुरे. डार्लानं एवढंच मागितलंय. आजीच्या पडद्यांची गोधडी, आईनं आणि मावशीनं मिळून शिवलेली. नाहीतर म्हणाली, शनिवारी लग्नाला दोघीही येऊ नका.

आर्वेटा : पोरगी आईवर गेलीय.

आयडेला : आजीवर. ऐक, सहा पडदे, सहाही अगदी सारखे. फुलावर फूल ठेवून रचायचे, एका दमात कापायचे. सहा सारखे त्रिकोण जोडले की कॅलिडोस्कोपमध्ये दिसतं तसं फूल, एक षटकोन. माझ्या वाट्याच्या तिनांत अर्धंच फूल होतं.

आर्वेटा : मला शिकवतेस? जत्रेतली पहिल्या बक्षिसाची निळी फीत कुणाच्या भिंतीवर आहे?

आयडेला : तुझ्याच गं. म्हणून तर आले. दे तुझे तीन.

आर्वेटा : पडदे नाहीत आता.

आयडेला : विकलेस?

आर्वेटा : कापले. डार्लाचं ठरल्याचं कळलं त्याच आठवड्यात. म्हटलं, मागायला येशील तेव्हा तयार अर्धी फुलं पुढ्यात टाकीन. चव्वेचाळीस आहेत. घे.

(ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा करते. आयडेला पिशवीतून आपला गठ्ठा काढते. तिचे हात सावकाश होत जातात.)

आर्वेटा : अगं, तूही कापून बसलीस?

आयडेला : वाटलं, माझं काम झालेलं दिसलं की तुला नाही म्हणता येणार नाही. आर्वेटा… तू कुठून सुरुवात केलीस?

आर्वेटा : वरच्या शिवणीपासून. आईनं तसंच शिकवलं.

आयडेला : मला खालून शिकवलं. वरचं उन्हानं विटतं म्हणाली.

आर्वेटा : हे लाव बघू याला.

आयडेला : तुझ्यात पाकळी, माझ्यात देठ.

आर्वेटा : हे?

आयडेला : नाही. हेही नाही.

आर्वेटा : कापून लहान केले तर?

आयडेला : तूच सांग. निळी फीत तुझ्या भिंतीवर आहे.

आर्वेटा : …नाही व्हायचं. आणि हे कापड काढणारी गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली. विचारायचं होतंस ना आधी!

आयडेला : तू विचारलंस?

आर्वेटा : मी थोरली आहे.

आयडेला : झालं! आईच्या दफनालाही हेच म्हणाली होतीस.

आर्वेटा : आणि तू तेव्हाही अशीच उठून चालली होतीस. जा. तीन तुझे गेले, तीन माझे. फिट्टंफाट.

आयडेला : फिट्टंफाट कसली? शनिवारी चर्चमध्ये वधूकडचा पुढचा बाक रिकामा असेल. आणि वळून वळून बघणार डार्ला.