उपडे तळहात

नाही, तुम्हीच सांगा, हे काय सुधारायचं वय आहे?... टायर होईल हो, बसा त्या डब्यावर, घाट उतरेपर्यंत दुसरं दुकान नाही, जाणार कुठं? तर, माझा बाप! चौसष्टाव्या वर्षी! पोटात कॅन्सर, आणि हा गृहस्थ एकाएकी चांगला माणूस झालाय! दोन वर्षं मी भांडण जपून ठेवलं होतं हो, रोज धार लावून... आता भांडायचं कुणाशी?

शाळेचा हेडमास्तर माणूस. घरातसुद्धा घंटा वाजल्यासारखा बोलायचा. मी गुरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज सोडून इथं पंक्चरं काढायला बसलो, तेव्हा गावातल्या सगळ्या पांढऱ्या दाढ्या गोळा करून, भरल्या दस्तरखानावर, जेवणाच्या पंगतीत, यानं माझ्यासमोर तळहात उपडे केले. आमच्यात थोरांनी दुवा द्यायची ती तळहात आभाळाकडे करून. उपडे केले की शाप! पोटच्या पोराला! आणि त्या दाढ्या काय करत होत्या? मटण चघळत होत्या!

मग दुखणं निघालं. राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, आईनं आत्याला, आत्यानं अख्ख्या गावाला, आणि सगळ्यांनी मिळून बापाला सांगितलं, 'काही नाही, सूज आहे.' डोक्यावरचे केस गेले तरी सूज! महिनाभर ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणाला, 'पुरे आता. कॅन्सर मला झालाय आणि घाम तुम्हाला फुटतोय.'

तिथून बिघडला बघा. एका सकाळी चहा पिता पिता आईकडे टक लावून बघत म्हणतो, 'अगं, तू साखर घेत नाहीस?' एकतीस वर्षांचा संसार! आई रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी स्वतः गाईची धार काढायला बसला. बाप्या माणूस! गायसुद्धा लाजली हो. मी म्हटलं, 'भीती नाही वाटत?' तर म्हणे, 'वाटते की. रोज पहाटे उठवते. उठलोच आहे तर म्हटलं धार काढून घ्यावी.' आता बोला! असल्या माणसाशी भांडायचं कसं?

गावातला अब्दिश म्हातारा समाचाराला आला, चेहरा असा जणू कबर खणूनच आलाय. 'सांभाळ रे मुकाश... माझा साडू असाच गेला... पोटानंच...' बाप म्हणतो, 'गेला ते कळलं. त्याआधी काय करायचा?' म्हाताऱ्याला सांगता येईना! सख्ख्या साडूचं जगणं आठवेना, नुसतं मरण पाठ!

पण खरा घात केमोच्या तिसऱ्या सलाईनच्या वेळी झाला. गाडी दाराशी. निघताना थोरांची दुवा घ्यायची, म्हणून अब्दिशनं घसा खाकरला, तर बाप म्हणतो, 'थांब. दुवा एरमेक देईल.'

म्हणजे मी! धाकट्यानं थोरल्याला! आत्या किंचाळली, 'अगं बाई, जग बुडालं!' आणि बाप माझ्यापुढं उभा. औषधानं नखं काळी पडलेले दोन्ही हात पुढं केले. म्हणाला, 'दोन वर्षांमागं मी हे चुकीचे धरले. कसे धरायचे, दाखव.'

हेडमास्तर! मला विचारतोय! दाखव म्हणून!

दोन वर्षं घोटलेलं भाषण... एक शब्द आठवेल तर शपथ. त्याचे हात सुलटे केले, माझे वर धरले, ग्रीसनं माखलेले. आणि तोंडातून निघालं काय? 'हवा धरून राहा... वाटेत बसू नकोस... फिरून माझ्याच दुकानाशी ये. आमीन.' सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मीही फिरवले. तोंड काळं झालं ते झालं, पण डोळ्यांचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही. बरं झालं.

गाठ गेलेली नाही हो. वाढलीही नाही. तेवढ्यावर आम्ही मेंढा कापला.

आता दर तीन आठवड्यांनी हात पसरून उभा राहतो माझ्यापुढं. काल मी हात वर केले तर बघून म्हणतो, 'नखं काप आधी. असल्या हातांनी कुणी दुवा देतं? गाढव!'

गाढव म्हणाला! कित्येक महिन्यांनी! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... उठा, झाला तुमचा टायर. मला घरी पळू द्या. उशीर झाला आणि तो पुन्हा चांगला माणूस झाला, तर भांडायचं कुणाशी?