तिघांपुरती टाकी

अमेरिकेतल्या लुइस्टनमध्ये, बॉयलरच्या सामानाच्या दुकानात डोरिन नळाचा वॉशर घ्यायला रांगेत उभी होती. पुढे एक नवरा-बायको दुकानदाराशी बोलत होते.

“बॉयलरवर चालणारी गरम पाण्याची टाकी दे. लहानातली लहान.”

“घरात माणसं किती?”

“दोन.”

“तीन, नॉर्मंड.”

“तिसरं कोण, लूसिल?”

“तुझे वडील. बर्फ पडायच्या आत त्यांना आणायचंय.”

“मी हो म्हटलेलं नाही.”

“नाही तरी कुठे म्हणालास?”

“तिघांना चाळीस गॅलनची टाकी पुरेल, बाई.”

“मग तीच द्या.”

“थांब रे! म्हातारा टबात तासभर डुंबतो. पाणी जरा कोमट झालं की घर डोक्यावर घेतो. साठची काढ.”