काकांनी गेममध्ये वसवलेलं गाव

ऐक ना भिया, परवा काका देवासला आमच्याकडे आले होते. त्यांचं निसरपूरचं घर धरणाच्या पाण्याखाली गेलंय. मी आणि बहीण भांडत होतो, कुणाचा गेम भारी? माझ्या गेममध्ये जंगलात एकट्यानेच लाकडं तोडून जगायचं. तिच्या गेममध्ये घरं बांधायची, लोक वसवायचे, त्यांना कामं द्यायची.

काका म्हणाले, "हिचाच बरा. एकटं जगून काय करायचं?"

मग दुपारभर डोळे अर्धवट मिटून ते सांगत गेले आणि ती बांधत गेली. इथे कुंभार, तिथे नावाडी, मधोमध चिंचेचं झाड.

शेवटी ती म्हणाली, "काका, गाव नदीपासून लांब हलवू? यात पूर येतो."

"यात धरण बांधता येतं?"

"नाही."

"मग राहू दे, बेटा. पूर ओसरतो."