गाडीचा वॉल्व अन् नळाचा वॉल्व

अर्ध्या कपावर भागवा बायांनो. चहाचं पाणीसुद्धा शेजारच्या रझियाचं हाय. माझ्या घरात थेंब नाय, अन् का नाय तेच सांगते.

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पालिकेचा माणूस वॉल्व उघडून पाणी सोडतो, दुपारी चारला. काल माझा पोरगा सुधाकर मला त्याच्या गाडीत बिडकीनला बहिणीकडं घेऊन गेला. निघतानाच बजावलं, "चारच्या आत घरी पोचव बाबा, ड्रम कोरडा पडलाय."

परतताना गाडी पळंचना. मागचे ट्रॅक्टरसुद्धा पुढं जायला लागले.

"काय झालं रे?"

"आई, इंजिनात वॉल्व असतात. हवा आत घ्यायची, धूर बाहेर सोडायचा. गाडी हळू असली की ते एका टायमाला उघडतात, पळाया लागली की टाइम बदलतात. तेलाच्या दाबानं होतं ते. आता अडकलंय."

"कशानं अडकलं?"

"तेल काळं झालंय. बदलायचं राहिलं."

"कवापासून?"

त्यानं उगंच समोरची काच पुसली.

चार वाजता कसंबसं दारात उतरलो, तर गल्ली ओली! रझिया हंडा झाकत म्हणली, "खाला, पानी तो आके चले गया. वॉल्ववाला आज जल्दी खोल्या."

मी रिकामा ड्रम पालथा घातला अन् त्याच्यावरच बसले. सुधाकर म्हणतो, "आई, बोल की कायतरी."

"काय बोलू लेका? ज्या वॉल्वनं टाइम बदलायचा, तो बदलंना. अन् ज्यानं बदलू नये, त्यानं न विचारता बदलला."